संकासुर आणि राजी

बहिणीचा फोन. "दादा, सुट्टीत रत्नागिरीला आल्यावर चिनूला तुझ्याकडचा 'राजी' खेळू देऊ का रे? कोडी आहेत म्हणे त्यात." चिनू नऊ वर्षांची.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला हा खेळ आज पुन्हा लावून बघितला. राखीपौर्णिमेला असुर गोलूला पळवतात आणि बहीण राजी त्याला शोधत निघते. सावल्यांच्या बाहुल्या, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वळणाचे महाल, डोळे निवतात. चित्रं फिरवून जुळवायची कोडी चिनू चुटकीसरशी सोडवेल. पण खरा वेळ जातो त्रिशूळ चालवण्यात. असुर घोळक्याने अंगावर येतात.

'कोडी' म्हटलं की पालक उगाच निर्धास्त होतात. २०१० च्या 'लिंबो'तही कोडीच आहेत, पण चुकलं की त्यातला पोरगा सापळ्यात चिरडला जातो, करवतीखाली जातो. उलट 'मॉन्युमेंट व्हॅली'त मरणच नाही, नुसते डोळ्यांना चकवणारे जिने आणि मनोरे.

भीतीला माझी हरकत नाही. शिमग्यात नमनाच्या खेळातला काळ्या वेशातला संकासुर धावून आला की पोरं किंचाळतात आणि पुन्हा पुढेच येऊन बसतात. आईचा पदर हाताशी असतो ना! हेडफोन लावून एकट्याने खेळताना तो नसतो.

तेव्हा चिनूला यंदा 'मॉन्युमेंट व्हॅली'. 'राजी' हवाच असेल तर माझ्या शेजारी बसून: लढाया मामाच्या, कोडी तिची.