बेळगाव ते श्रवणबेळगोळ : आक्कांच्या माहेराच्या वाटेने

सांगलीकडून श्रवणबेळगोळला जाणारे बहुतेक यात्रेकरू एका दमात जातात. रात्री गाडीत बसायचे, सकाळी विंध्यगिरीच्या पायथ्याशी उतरायचे, भगवान बाहुबलींचे दर्शन घ्यायचे आणि भोजन करून परतीची वाट धरायची. अडतीचे दुकान फार दिवस दुसऱ्याच्या हाती सोडता येत नाही, हे त्यामागील कारण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. गेल्या मार्गशीर्षात मात्र आम्ही उभयतांनी हीच वाट पाच दिवस पुरवली. नवी हळद बाजारात यायला अवकाश होता, दिवाणजी विश्वासू होते आणि वाटेत आम्हांला माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आक्कांच्या, माहेरी जायचे होते. त्यांना जाऊन वर्ष होत आले होते.

पहिला मुक्काम हुबळीचा. जाताना बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत थांबलो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने इ. स. १२०४ मध्ये ही बस्ती बांधली. मंडपात उभे राहून मान वर केली की छतातून खाली उमललेले दगडी कमळ दिसते. त्याच्या ७२ पाकळ्यांत भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकर आहेत. बेळगावला कापड खरेदीसाठी आपल्यापैकी किती जण जातात, आणि किती जण किल्ल्याच्या दारावरूनच पुढे जातात! एका तासाचा प्रश्न आहे. तो तास काढावा.

दुसऱ्या दिवशी हुबळीहून गदग आणि गदगच्या पुढे बारा किलोमीटरवर लक्कुंडी. काळ्या कपाशीच्या रानात वसलेले हे गाव आज लहान आहे. एके काळी ते मोठे नगर होते. येथील ब्रह्म जिनालय अत्तिमब्बे या श्राविकेने इ. स. १००७ मध्ये उभारले. मंदिराचा दगड निळसर आणि मऊ पोताचा आहे. त्यावर टाचणीच्या टोकाने काढावी तशी नक्षी आहे. आतील मंडपात चतुर्मुख ब्रह्माची मूर्ती पाहून नवख्या माणसास नवल वाटते.

पण मी तेथे रेंगाळले ती अत्तिमब्बेसाठी. तिचे पती नागदेव रणांगणात पडले. नागदेवांना तिची धाकटी बहीण गुंडमब्बे हीही दिलेली होती. ती सती गेली. अत्तिमब्बे मागे राहिली, मुलाला वाढवले आणि उरलेले आयुष्य दानात घालवले. कवी पोन्न याच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती तिने लिहवून घेऊन वाटल्या. ही गोष्ट छापखान्याच्या काळातील नव्हे. प्रत्येक प्रतीसाठी ताडपत्रे कमवायची, लोखंडी लेखणीने एकेक अक्षर टोचायचे, त्यात काजळी भरायची, भोके पाडून दोरी ओवायची. अशा एक हजार! रन्न कवीने ‘अजितपुराण’ रचले तेही तिच्याच आश्रयाने. कन्नड लोक तिला ‘दानचिंतामणी’ म्हणतात.

मंदिराच्या पायरीवर बसून डब्यातील दशम्या खाताना आमच्या घरातील एक रखडलेला विषय पुन्हा निघाला. तो येथे सांगणे भाग आहे.

आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खतावणीत आक्कांचे स्वतंत्र खाते होते. लग्नात मिळालेली रक्कम, पुढे दिवाळीची ओवाळणी, भावाने पाठवलेले पैसे, सारे त्यात जमा होत असे आणि पाडव्याला त्यावर व्याज धरले जाई. आप्पा गेल्यावरही ते खाते तसेच चालू राहिले. आक्का गेल्यानंतर शिल्लक काढली, ती कोणाच्याही अपेक्षेपेक्षा मोठी निघाली. हा पैसा वाटून घ्यायचा नाही, धर्मकार्याला लावायचा, यावर सर्व भावंडांचे एकमत होते. मतभेद पुढे झाला. थोरल्या दिरांचे म्हणणे असे, की एखाद्या क्षेत्रावर आक्कांच्या नावाची खोली बांधावी आणि दारावर संगमरवरी पाटी लावावी. “नाव राहिलं पाहिजे,” हे त्यांचे शब्द. माझ्या यजमानांना पाटी मान्य नव्हती. आक्कांनी हयातीत कोणत्याही पावतीवर स्वतःचे नाव घालू दिले नव्हते. ‘एक श्राविका’ एवढेच लिहायला त्या सांगत. दोन्ही भावांचे प्रेम खरे होते, त्यामुळेच कोणी मागे हटेना. दहा महिने रक्कम खात्यात पडून होती, आणि अलीकडे दोघे भाऊ पेढीवर शेजारी बसूनही फक्त भावाविषयी आणि पोत्यांविषयी बोलत.

लक्कुंडीहून लक्ष्मेश्वर, सावणूर करत दुपार कलण्याच्या सुमारास बंकापूर गाठले. जैन वाङ्मयात या गावाला मान आहे. गंग राजा मारसिंह याने राज्य सोडून येथे आचार्य अजितसेनांच्या सान्निध्यात सल्लेखना घेतली आणि इ. स. ९७५ च्या सुमारास देह ठेवला. आक्कांचे माहेर येथून जवळच, आडरस्त्यावरच्या एका खेड्यात. तेथे आता फक्त मामा राहतात. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अजून चांगली.

‘आक्का’ हे नाव आमच्या घरात आले ते मामांमुळे. कन्नडमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण. लग्नानंतर पहिल्यांदा सांगलीला आलेला हा लहान भाऊ तिला ज्या नावाने हाक मारत राहिला, तेच पुढे दीर-नणंदांनी, मग मुलांनी आणि शेवटी हमालांनीही उचलले. सोळाव्या वर्षी सांगलीत आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. बोलणे त्या दुकानातील गिऱ्हाइकांकडून शिकल्या, आणि बाळबोध अक्षरे तर नातवंडे पाटीवर गिरवू लागली तेव्हा त्यांच्या शेजारी बसून.

सूर्य मावळण्यापूर्वी जेवणे उरकली. ज्वारीची कडक भाकरी, एणगाई आणि शेंगाची चटणी. नंतर मामांनी देवघरातील फळीवरून लाल कापडी बांधणीची एक चोपडी काढली. दुकानात जमाखर्चाला वापरतात तशीच, उभ्या रेघांची. आक्का चौदा वर्षांच्या असताना गावच्या बस्तीत एक जुनी पोथी आली होती. ती परत जाण्याआधी त्यांनी त्यातील स्तोत्रे आणि कथा या चोपडीत उतरून काढल्या होत्या. जमा आणि नावे यांच्या रकान्यांतून टपोरी कन्नड अक्षरे ओळीने गेलेली. शेवटच्या पानावर चार ओळी होत्या. मामांनी त्या वाचून अर्थ सांगितला: ज्याला हवे त्याने हे उतरून घ्यावे, हात धुऊन हाती धरावे, दिवा जवळ असेल तर जपावे. खाली नाव नव्हते.

“बघितलंस?” हे माझ्याकडे वळून म्हणाले. आपली बाजू सिद्ध झाली, असा तो सूर होता. मामा हसले. म्हणाले, “नाव नाही म्हणून ही वही माझ्या सुनेनं रद्दीत काढली होती. मला अक्षर ओळखू आलं म्हणून राहिली.”

त्या रात्री हे बराच वेळ जागे होते.

सकाळी निघताना ब्याडगीच्या बाजारात डोकावलो. मिरचीचे नाव ज्या गावावरून पडले ते गाव पाहिल्याशिवाय पुढे जाणे यजमानांना शक्य नव्हते. सुरकुतलेली, गर्द लाल, रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य अशी ती मिरची ढिगांनी पसरली होती. हे मूठभर हातात घेऊन हुंगत राहिले आणि मी शिंकत गाडीत जाऊन बसले. तेथून दावणगेरेमार्गे चित्रदुर्गला मुक्काम, आणि चौथ्या दिवशी अरसीकेरेच्या नारळबागांतून हळेबीड.

हळेबीडला सहलीच्या गाड्या होयसळेश्वरासमोर थांबतात आणि तेथूनच परत फिरतात. ते मंदिर अद्भुत आहे, यात शंका नाही. पण तेथून थोड्याच अंतरावर, बस्तीहळ्ळी नावाच्या भागात, तीन जिनालये शांतपणे उभी आहेत. पार्श्वनाथ, आदिनाथ आणि शांतिनाथ. पार्श्वनाथ बस्तीत आम्ही शिरलो तेव्हा आत आम्ही दोघे आणि राखणदार एवढेच होतो. काळ्या दगडाचे खांब चरकावर फिरवल्यासारखे गोल आणि इतके घोटलेले, की जवळ जाताच आपला चेहरा त्यात उमटतो, थोडा लांबट आणि हलता. गाभाऱ्यात सुमारे अठरा फूट उंचीची पार्श्वनाथांची उभी मूर्ती आहे.

हे मंदिर इ. स. ११३३ मध्ये बोप्पदेवाने बांधले, आपले दिवंगत पिता गंगराज यांच्या स्मरणार्थ. गंगराज म्हणजे होयसळ नरेश विष्णुवर्धनाचा सेनापती आणि मंत्री. प्रतिष्ठेचा प्रसाद राजाकडे पोहोचला तेव्हा तो युद्ध जिंकून आला होता आणि त्याला पुत्रही झाला होता; म्हणून त्याने या देवाला ‘विजय पार्श्व’ असे नाव दिले. ही हकीकत शिलालेखाने जपली आहे. एका मुलाने बापासाठी केलेले हे काम आठशे नव्वद वर्षे उभे आहे. खांबातील आपले प्रतिबिंब पाहत यजमान म्हणाले, “बोप्पदेवानं नाव लिहिलं नसतं, तर आज आपण कोणाविषयी बोललो असतो?” मी उत्तर दिले नाही. प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता.

हासनला रात्र काढून पाचव्या दिवशी पहाटे श्रवणबेळगोळ. विंध्यगिरी अनवाणी चढायचा आहे. साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या, सगळ्या एका अखंड खडकात खोदलेल्या. ऊन चढले की खडक तापतो, म्हणून सूर्योदयालाच पाऊल टाकावे. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांना डोली मिळते. वर पोहोचल्यावर जे दिसते त्याचे वर्णन या मासिकाच्या वाचकांना मी काय करावे? इ. स. ९८१ च्या सुमारास गंगांचा मंत्री चावुंडराय याने घडवलेली सत्तावन्न फुटांची ती मूर्ती आपण लहानपणापासून कॅलेंडरवर पाहत आलो आहोत. तरीही प्राकारात पाऊल टाकताच बोलणे बंद होते.

डोळे निवल्यावर पायांशी पाहावे. दोन्ही बाजूंना कोरलेल्या वारुळांच्या शिळांवर लेख आहेत. एकीकडे कन्नड आणि तमिळ, दुसरीकडे नागरी अक्षरांत मराठी. चावुंडरायाने मूर्ती करविली, गंगराजाने भोवतीचे ‘सुत्ताले’ म्हणजे आवार करविले, एवढाच त्याचा आशय. शाळेत आपण हा मराठीचा पहिला शिलालेख म्हणून शिकलो. त्यात बाराव्या शतकातील गंगराजाचे नाव असल्यामुळे पुष्कळ अभ्यासक तो इ. स. १११७ च्या सुमाराचा मानतात, आणि आक्षीचा लेख त्याहून जुना ठरतो. तो वाद त्यांनी करावा. कन्नड देशात, कन्नड राजाच्या सेनापतीने आपल्या यात्रेकरूंना वाचता यावे म्हणून मराठी ओळ कोरवली, याचा मला अधिक आनंद वाटला. हाच तो हळेबीडचा गंगराज. यजमानांनी मराठी ओळ वाचली, मग पलीकडे जाऊन कन्नड लेखासमोर बराच वेळ उभे राहिले. ती अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत.

उतरून भोजन केले आणि दुपारी समोरच्या चंद्रगिरीवर गेलो. हा डोंगर लहान; यात्रेकरू घाईत असला की नेमका हाच राहून जातो. आचार्य भद्रबाहू आणि चंद्रगुप्त मौर्य यांची परंपरा या डोंगराची. खडकाखडकावर समाधिमरणाचे लेख आहेत. मारसिंहाने बंकापुरात देह ठेवला, पण त्याच्या स्मृतीचा स्तंभ येथे आहे. आम्ही दोन दिवसांपूर्वी सोडलेले गाव पुन्हा समोर उभे राहिले. येथील सर्वांत मोठी बस्ती ‘कत्तले बस्ती’. कत्तले म्हणजे अंधार. आत उजेड येत नाही, आदिनाथांची मूर्ती डोळे सरावल्यावर हळूहळू दिसू लागते. ती गंगराजाने आपली आई पोचव्वे हिच्यासाठी इ. स. १११८ मध्ये बांधली.

त्या अंधारात आम्ही किती वेळ बसलो, हे सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर यजमानांनी थोरल्या भावाला फोन लावला. खोली नको, मामांच्या गावच्या बस्तीत शास्त्रांचे कपाट करू, मराठी आणि कन्नड दोन्ही ग्रंथ ठेवू, आक्काची वही छापून वाटू, असे ते म्हणाले. पलीकडे शांतता. मग हे म्हणाले, “आणि दादा, पाटी लावू. तुझंच खरं. पण लहान.”

दादांनी विचारले, “नाव कोणतं घालायचं? माहेरचं की सासरचं?”

लग्नात आक्कांचे नाव बदलले होते, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. बरीच चर्चा झाली, डोंगरावर फोनचा आवाज मध्येच तुटत होता. शेवटी ठरले ते असे: डावीकडे कन्नड अक्षरांत माहेरचे नाव, उजवीकडे मराठीत सासरचे. “कन्नड अक्षरं कोण तपासणार? चूक राहायला नको,” दादा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता; कित्येक महिन्यांनी ते धाकट्या भावाशी हळदीखेरीज काही बोलत होते.

मामांनी नाव कागदावर लिहून त्याचे छायाचित्र पाठवले आहे. वयामुळे अक्षर जरा थरथरले आहे. कोरणाऱ्याला ते तसेच द्यायचे की सरळ करून, एवढे आता ठरायचे आहे.