खिशातल्या पिस्तुलाची साक्ष

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी खिसापिस्तुले रणांगणासाठी नव्हती. ती शहरातल्या अंधाऱ्या गल्लीसाठी होती, जुगाराच्या टेबलासाठी होती आणि सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाला निघालेल्या प्रवाशासाठी होती. लष्करी बंदुकीमागे पलटणीचे दप्तर असते; ती कोणत्या तुकडीकडे होती, कोणत्या लढाईत वापरली गेली, हे शोधता येते. खिशातल्या पिस्तुलाला बहुधा असे दप्तर नसते. ते लपवण्यासाठीच घडवलेले आणि विकत घेणारा अनामिक. त्यामुळे संग्राहकाला जे कळायचे ते त्या वस्तूच्या अंगावरूनच कळते. आणि अंगावर उमटवलेले नाव खरेच असेल याची खात्री पहिल्या गिऱ्हाइकालाही नव्हती.

या प्रकाराला ज्याचे नाव चिकटले तो हेन्री डेरिंजर (१७८६–१८६८) फिलाडेल्फियाचा बंदूककार. सरकारसाठी रायफली बनवणाऱ्या या कारागिराची कीर्ती झाली ती शतकाच्या मध्यावरच्या छोट्या पिस्तुलांमुळे. ही पिस्तुले ठासणीची आणि टोपीवर उडणारी. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, तोंडाचा व्यास बहुधा .४१ इंचाच्या आसपास. बार एकच, म्हणून ती सहसा जोडीने विकली जात. मागणी वाढली तशा नकला वाढल्या. त्याच्याकडून बाहेर पडलेल्या कारागिरांनी हुबेहूब तशीच पिस्तुले करून त्यांवर त्याचाच ठसा मारला. कोणी नावात एक जादा ‘र’ घालून कायद्याला बगल दिली, तर कोणी जॉन डेरिंजर नावाच्या एका शिंप्याचे नाव वापरले. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी ए. जे. प्लेट याच्यावर डेरिंजरने भरलेला खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल डेरिंजरच्या बाजूने लागला. अमेरिकेतील व्यापारचिन्हांच्या कायद्यात हा खटला आजही सांगितला जातो. संग्रहाच्या दृष्टीने गंमत अशी, की त्या काळच्या नकलाही आता जुन्या झाल्या आहेत आणि त्यांनाही संग्राहक आहेत. मात्र अस्सल समजून नक्कल घेणाऱ्याचे नुकसान तेव्हाइतकेच आजही होते.

पिस्तुलांची ठेवण ठरवण्यात कारागिरीइतकाच पेटंटचा हात होता. सॅम्युअल कोल्टचे फिरत्या सिलिंडरचे अमेरिकी पेटंट १८३६चे. ते १८५७ मध्ये संपले. तोवर त्याचे .३१ कॅलिबरचे १८४९चे पॉकेट मॉडेल घरोघरी पोहोचू लागले होते. १८७३ पर्यंत त्याचे उत्पादन सव्वातीन लाखांच्या पुढे गेले. त्याच्या सिलिंडरवर घोडागाडीवरच्या दरोड्याचे दृश्य कोरलेले असे. खिशात घासून हे दृश्य लवकर पुसट होई. म्हणूनच ते आज किती शिल्लक आहे, यावर किमतीत मोठा फरक पडतो.

कोल्टचे पेटंट संपले त्याच वर्षी स्मिथ अँड वेसन कंपनीने धातूच्या काडतुसावर चालणारे, सात बारांचे .२२ कॅलिबरचे आपले पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. सिलिंडर आरपार पोखरून मागून काडतूस भरण्याची कल्पना रोलिन व्हाइटची, पेटंट १८५५चे. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देऊन कंपनीने ती स्वतःपुरती राखून ठेवली. मग बाकीच्यांनी पळवाटा शोधल्या. मूर कंपनीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस पुढून भरत. त्याच्या बुडाला बोंडासारखा उंचवटा असे आणि तो सिलिंडरच्या मागच्या बारीक छिद्रातून डोकावे. सिलिंडर आरपार पोखरलेला नसल्याने पेटंटचा भंग होत नसे. यंत्र म्हणून अशा युक्त्या अवघडच. पण एका कायदेशीर अडचणीने लोखंडाला कसे वाकवले, याचा पुरावा म्हणून त्या अनमोल आहेत.

१८६९ मध्ये व्हाइटचे पेटंट संपले आणि बांध फुटला. चापाला संरक्षक कडी नसलेली, निकल चढवलेली स्वस्त रिव्हॉल्व्हरे असंख्य नावांनी विकली जाऊ लागली. बनवणाऱ्याचे नाव गाळून ‘डिफेंडर’, ‘रेड जॅकेट’ अशी भारदस्त नावे त्यांवर ठोकलेली असत. पुढे संग्राहकांनी या साऱ्यांना ‘सुइसाइड स्पेशल’ असे बोचरे नाव दिले. थोड्या खर्चात संग्रह सुरू करणाऱ्यांना हा वर्ग सोयीचा, आणि कोणती नावे कोणत्या कारखान्याची हे उलगडणे हाच त्यातला खरा छंद. त्याच काळातले रेमिंग्टनचे दुनळी डेरिंजर मात्र १८६६ पासून १९३५ पर्यंत निघत राहिले. त्यांची संख्या सुमारे दीड लाख. एकाच आकृतीच्या या पिस्तुलाचा काळ नळ्यांवरच्या कंपनीच्या बदलत्या नावावरून ठरतो, तर नळ्या वर उघडणारी बिजागरी तडकलेली आहे का, हे पारखी गिऱ्हाईक आधी पाहतो.

पारख करताना नाव शेवटी येते. आधी सुट्या भागांवरचे क्रमांक जुळतात का ते पाहतात. स्क्रूंच्या खाचा बिघडल्या आहेत का, कडा पॉलिशने बोथट झाल्या आहेत का, ठशाची अक्षरे पृष्ठभागाबरोबर झिजली आहेत की झिजलेल्या पृष्ठभागावर नव्याने उठवलेली आहेत, हेही तपासतात. मूळ निळा मुलामा झिजतो तो हात आणि खिसा लागतो तिथे. सगळीकडे सारखाच गडद निळा रंग दिसला की शंका घ्यावी. जुने पिस्तूल घासून चकचकीत केले की त्याचे मोल बहुधा घटते, कारण घासण्यात वापराची साक्ष पुसली जाते. साफसफाई म्हणून फार तर हलके तेल आणि मऊ कापड पुरते. उघड्या हाताचा घामही गंजाला निमंत्रण देतो.

झिजेची साक्ष किती भरवशाची, याचे उत्तम उदाहरण वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये आहे. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेले डेरिंजर तिथे ठेवलेले आहे. अस्सल पिस्तूल चोरून तिथे नक्कल ठेवल्याचा दावा पुढे आला, तेव्हा १९९७ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने ते तपासले. निर्णय ठशावर झाला नाही. १९३०च्या दशकातल्या छायाचित्रांशी दस्त्याच्या लाकडातल्या रेषा आणि जुनी भेग जुळली, म्हणून ते अस्सल ठरले. सुबक दुरुस्ती करून ती भेग कोणी बुजवली असती, तर त्या पिस्तुलाला स्वतःची ओळख पटवणे अवघड गेले असते.

अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली शस्त्रे ‘अँटिक’ गणली जातात आणि आधुनिक बंदुकांची बंधने त्यांना सहसा लागत नाहीत. राज्याराज्यांचे नियम मात्र वेगळे असतात. कायद्याने सूट दिली म्हणून वस्तू निरुपद्रवी ठरत नाही. यांतली कित्येक पिस्तुले आजही उडू शकतात, आणि आधुनिक काडतूस घातले तर उडवणाऱ्याच्या हातातच फुटू शकतात. म्हणून ती भरून पाहायची नसतात. प्रत्येक नगासोबत तो कुठून आला, केव्हा घेतला, त्यात कोणते भाग बदललेले आढळले याची नोंद ठेवणे हे संग्राहकाचे काम. पहिल्या मालकाने मागे न ठेवलेले दप्तर निदान इथून पुढे तरी तयार होते.