दुबार पेरणी

आयुष्यात एक तरी कादंबरी लिहायची, असा संकल्प मी कॉलेजात असताना सोडला होता. उद्धव शेळके यांची १९६० साली आलेली ‘धग’ तेव्हा हाती पडली होती. तिच्यातली माणसे आमच्यासारखीच वऱ्हाडी बोलतात हे पाहून मला मोठा धीर आला. पुढे तीस वर्षे हा संकल्प मी अत्यंत निष्ठेने पुढे ढकलीत आलो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ब्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. आमच्याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या विधवेने, वैशाली येडे यांनी, त्याचे उद्घाटन केले. मंडपातून घरी येताना मी एक जाडजूड वही विकत घेतली. ती कोरीच राहिली.

आळशी माणसाला निमित्त लागते, आणि निमित्ते पुरविण्याच्या कामी आमच्याकडच्या हवामानाचा हात कोणी धरणार नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, कूलर नुसता घरघरतो आणि मध्यरात्रीसुद्धा भिंतीला पाठ टेकवत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा धरणाने तळ गाठला, तेव्हा शहराचा सारा दिवस टँकरची वाट पाहण्यात जाई. बरे, पाऊस पडल्यावर लिहू म्हणावे, तर २२ जुलै २०२३ रोजी असा पाऊस कोसळला की महागाव तालुक्यात पुराने वेढलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. अशा दिवसांत माणसाने कादंबरी लिहावी तरी केव्हा?

अखेर एका एप्रिलात मी पहाटे चारला उठू लागलो. घराच्या भिंती तेवढा वेळच काय त्या निवलेल्या असतात. महिन्याभरात पहिले प्रकरण झाले. नायकाच्या गावी ऐन ७ जूनला मृगाचा पाऊस आला, मातीचा वास सुटला, तिफणी चालू लागल्या. मी स्वतःवर बेहद्द खूष होतो.

थोरले भाऊ दारव्हा तालुक्यात घरची शेती पाहतात. पहिला मान त्यांचा, म्हणून वही घेऊन गावी गेलो. भाऊ ओसरीवर ओले गोणपाट उलगडून बसले होते. त्यात सोयाबीनचे शंभर दाणे ठेवलेले. सत्तर उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. ते मोड मोजीत होते आणि मी वाचीत होतो. वाचन संपले तरी ते मोजीतच राहिले. मग म्हणाले,

“कोन्त्या सालचा हाय रे हा पाऊस?”

“आपल्या लहानपणचा,” मी म्हणालो.

“मंग तसं लिह्य. आता असा नाई येत तो.”

मी काही बोललो नाही. भाऊच पुढे बोलू लागले. तीन वर्षांमागे पहिल्या सरीवर त्यांनी पेरणी उरकली होती. नंतर तीन आठवडे आभाळ कोरडे. बी मातीतच करपले. उसनवारी करून पुन्हा बियाणे आणले, पुन्हा पेरले. शहरातल्या वाचकांना सांगायला हवे, की दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा आणि मजुरीचा खर्च दोनदा, पीक मात्र एकदाच. तेही आले तर.

“तू फोनवर इचारलं व्हतं, पेरणी झाली का म्हनून. मी झाली म्हनलो. दोनदा झाली, हे नाई सांगतलं.”

ते ऐकून मला वही लपवावीशी वाटली. मातीचा वास मला आठवत होता. परंतु सख्खा भाऊ कर्जात बुडत असताना मला त्याचा वास आला नव्हता.

शास्त्रज्ञ सांगतात, हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. म्हणून पाऊस उघडीप देतो आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. भाऊंनी हे पुस्तकात वाचलेले नाही, पण ते त्याप्रमाणे वागू लागले आहेत. आता ते नक्षत्र पाहून तिफण काढीत नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाल्याखेरीज बी मातीत पडत नाही. सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरतात, म्हणजे जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि उघडीप पडली तर ओल टिकते. कपाशीत तुरीचे तास असते. एक गेले तर दुसरे हाती लागावे, एवढाच हिशेब.

परत आल्यावर मी ते प्रकरण फाडले. वाईट वाटले, नाही असे नाही. महिन्याभराच्या पहाटा त्यात गेल्या होत्या. पण माझे नुकसान कागदाचे होते. नवे पहिले प्रकरण फोनच्या घंटीने सुरू होते. एक माणूस करपलेल्या शेताच्या बांधावर उभा राहून धाकट्या भावाला सांगतो, की सगळे ठीक आहे.

परवा भाऊंचा फोन आला. “कुठवर आली तुही कादंबरी?”

“पेरणी झाली,” मी म्हणालो, आणि मग जरा थांबून खरे ते सांगितले, “दोनदा झाली.”

पलीकडे भाऊ किती तरी वेळ हसत होते.