दिवाळी, अण्णा आणि जेऊरचा उंबरा

‘दिवाळीला काय प्लॅन?’ ऑक्टोबर उजाडला की हा प्रश्न प्रत्येक कॉफीबरोबर येतो. कुणी गोव्याला, कुणी हिमाचलला. मी म्हटलं, ‘‘अण्णांकडे.’’

‘‘म्हणजे गावी, जेऊरला?’’

‘‘नाही, पुण्यातच. हडपसरच्या पुढे.’’ पुढचं सांगताना माझा आवाज आपोआप खाली जातो. अण्णा असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहतात.

‘वृद्धाश्रम’ हा शब्द मी टाळते. तिथे नर्स आहे, गोळ्यांच्या वेळा पाळल्या जातात, अंघोळीला मदतनीस असतो, असं पटापट सांगून टाकते. कुणी विचारलेलं नसतं तरी! दोन वर्षांपूर्वी अण्णांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला. आई गेल्यापासून ते जेऊरच्या घरात एकटेच होते. रात्री पडले, ते शेजाऱ्यांना सकाळी कळलं. मी तेव्हा पुण्यात तीन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये, डेडलाइन गाठत बसले होते.

यंदा ठरवलं, पाडवा जेऊरलाच करायचा. घर बघायला आधी एकटीच गेले. भिगवणनंतर खिडकीतून उजनीचं पाणी दिसायला लागलं की अण्णा मला झोपेतून उठवायचे, ‘‘बाळ, जेऊर आलं.’’ या वेळी मी आपली आपणच जागी झाले.

घर उघडलं आणि पहिल्यांदाच ते अण्णांच्या पायांनी बघितलं. ओट्याला तीन पायऱ्या. उंच उंबरा. संडास मागच्या अंगणात. व्हीलचेअर कुठून न्यायची? रात्री त्यांना उचलायचं कुणी? मी पायरीवर बसून राहिले. शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या. मायेनंच म्हणाल्या, ‘‘बापाला तिथं टाकून आलीस व्हय गं?’’

टाकून! चहा घशाखाली उतरेना.

पाडव्याच्या सकाळी शेंगाचटणी, कडक भाकरी आणि केमच्या कुंकवाची पुडी घेऊन अण्णांकडे पोचले. (केम हे जेऊरच्या पुढे लागणारं एक स्टेशन, कुंकवासाठी प्रसिद्ध. आईच्या फोटोला अण्णांना तेच लागतं.) मला वाटलं होतं, अण्णा खिडकीत वाट बघत असतील. ते हॉलमध्ये पत्ते खेळत होते! ‘‘ही माझी मुलगी, पेपरात लिहिते,’’ असं तिघांना सांगून झालं, डाव संपेपर्यंत मला बाजूला बसवलं. एका आजोबांकडे कुणीच आलं नव्हतं. अण्णांनी चटणीचा डबा आधी त्यांच्यापुढे सरकवला.

दुपारी अण्णांना ओवाळलं. डावा हात उचलत नाही, म्हणून त्यांनी तो उजव्या हातानं धरून मांडीवर नीट ठेवला. तेवढ्यात माझा बांध फुटला. पायऱ्या, उंबरा, काकूंचा तो शब्द, सगळं सांगून टाकलं.

अण्णा रेल्वेत पॉइंट्समन होते, जेऊर स्टेशनवर. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘आमच्या वेळी लाइन एकेरी होती. समोरून गाडी येणार असली की एकीला लूपला घ्यावं लागायचं. त्याला कुणी ‘टाकली’ म्हणत नव्हतं.’’

मला हायसं वाटलं. अगदी लगेच. आणि तेवढ्याच लगेच लाज वाटली. पुढे जाणारी गाडी माझी होती ना!

ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 साली कायदा झाला. निर्वाह म्हणजे काय, ते त्यात लिहिलंय. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. या हिशेबानं मी पास! दर महिन्याला पैसे वेळेवर जातात. पण मी आजवर तिथे ‘व्हिजिट’ द्यायची. फळं, तासभर गप्पा, एक सेल्फी, मग कॅब. या वेळी तिथल्या गेस्टरूममध्ये तीन दिवस राहिले. बरेचदा आम्ही दोघं काहीच बोललो नाही. पलीकडच्या लाइनवरून गाडी गेली की अण्णा घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, ‘‘लेट आहे.’’

निघताना त्यांनी विचारलं, ‘‘जेऊरचं घर नीट बंद केलंस ना?’’

‘‘हो अण्णा.’’

‘‘किल्ली?’’

पर्समधून काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि परत दिली. ‘‘तुझ्याकडेच ठेव.’’

जेऊरला कधी जायचं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही खोटं काही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात गवंड्याला बोलावलंय. उंबरा काढता येतो का, एवढं तरी बघते.