माहेरच्या आडनावाचा माग

मैत्रिणींनो, डब्लिनला गेलात तर किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जरूर डोकवा. पूर्वज शोधणाऱ्यांना तिथं मोफत सल्ला मिळतो. १९२२ च्या यादवीत सरकारी दफ्तर जळालं, पण गावोगावच्या कॅथलिक चर्चांच्या वह्या वाचल्या. त्यांत बाळाच्या बाप्तिस्म्यापुढे बहुधा आईचं माहेरचं आडनावही असतं! आपल्याकडे ते लग्नानंतर पुसलंच जायचं.

बराक ओबामांचं आयरिश मूळही आईकडचंच. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा फॅल्मथ कर्नी १८५० साली, दुष्काळाच्या दिवसांत, मनीगॉल गावातून अमेरिकेला गेला. त्याची लेक मेरी अ‍ॅन लग्नानंतर डनहॅम झाली आणि कर्नी आडनाव मागे पडलं. चर्चच्या वह्यांनी ते पुन्हा जोडून दिलं. मे २०११ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामा त्या टीचभर गावात आले, पत्नीसह!