ओढलेली तार

आमच्या बदनापूरहून जालना वीसेक किलोमीटरवर, त्यामुळे घरात पोलादाचा विषय निघाला की तो सळयांवरच जाऊन थांबतो. पण सळई गरम असताना लाटतात. बदनापूर स्टेशनात रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर दिसतात ना, त्यांच्या पोटातलं पोलाद वेगळं. ३ मिलिमीटरच्या तीन तारांचा एक पीळ, असे एका स्लीपरमध्ये १८. ही तार थंडच ओढलेली असते.

सोनार भोकाभोकांच्या पट्टीतून तार ओढतो, तसंच हे. प्रत्येक भोकातून ती बारीक होते आणि कणखरही. आपल्या मानकात (आय.एस. १७८५) ७ मिलिमीटरच्या तारेची ताकद चौरस मिलिमीटरला किमान १४७० न्यूटन, तर ४ मिलिमीटरच्या तारेची १७१५! घराच्या स्लॅबमधली नेहमीची सळई ५०० ला ताणू लागते.

आता गंमत बघा. पोलाद जितकं कणखर, तितकी त्याला ओल आणि खाराची भीती जास्त. सतत ताणात असलेली तार गंजून हळूहळू झिजत नाही. केसाएवढी चीर आत जाते आणि एक दिवस तार फटकन तुटते. मग जास्त ओढलेली तार जास्त धोक्याची? तसं सरळ नाही. या पोलादात चिरोट्यासारखे अतिसूक्ष्म पदर असतात. ओढण्याआधी ते कसेही पडलेले, त्यामुळे चीर आडवी सरळ जाते. ओढल्यावर पदर तारेच्या लांबीत झोपतात आणि आडवी आलेली चीर वळून बांबू फाटावा तशी उभी धावू लागते. तार आरपार तुटायला वेळ लागतो.

पण ओढताना तारेच्या कातडीत ताण अडकून राहतो, तो चिरेला आयतंच तोंड उघडून देतो. म्हणून ओढल्यावर तार बेताची तापवून तो उतरवतात. पदर तसेच राहतात, ताण जातो. मला विचाराल तर सगळी खुबी या शेवटच्या तापवण्यात आहे.

अर्थात, झाकण नीट नसेल तर कुठलीच तार टिकत नाही. १९७० साली झालेला पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, त्याच्या आतल्या केबली गंजल्या होत्या. बाहेरून काँक्रीटच दिसणार, आतलं कोण बघतो?

असो. गावाकडची मंडळी हे वाचतात म्हणून सांगतो. शेतातल्या सिमेंटच्या विजेच्या पोलांतही बहुधा अशीच तार असते. कोपरा उडून ती उघडी पडली असेल तर "जरासाच गंज आहे" म्हणू नका. पोलला बैल बांधू नका, ताण देऊ नका आणि वायरमनला कळवा. मामा, हे तुमच्या विहिरीजवळच्या पोलबद्दलच आहे.