सावळ्याचे टक्के

गोरा गाल छापायला फारशी अक्कल लागत नाही. सायन 10, मॅजेंटा 40, पिवळा 48 टक्के धरा. मशीनवर थोडं इकडंतिकडं झालं तरी माणूस ओळखीचा राहतो. सावळ्या गालाचे आकडे मात्र नेमके त्या मधल्या टापूत येऊन पडतात जिथे शाईचा डॉट सगळ्यात जास्त फुगतो. मॅजेंटा आणि पिवळा जोडीनं फुगतात, ते एकमेकांना सांभाळून घेतात. घोळ घालतो तो सायन. 30 असला तर चेहऱ्याला हाड आहे, गालाला वळण आहे. 26 झाला की माणूस तांबडालाल, आणि 34 झाला की आठवडाभर तापानं झोपून नुकताच उठलेला. या चार-चार टक्क्यांनी मला आयुष्यभर पुरेल इतकं काम दिलं.

शिकलेली मंडळी सांगतात, सायन काढा, काळा घाला, म्हणजे जीसीआर वाढवा, मग मशीनवर रंग हलणारच नाही. हलत नाही, मान्य. पण चेहऱ्यावर काजळी धरते, आणि काजळी म्हणजे सावळेपणा नव्हे. फिल्मच्या दिवसांत मी चेहऱ्यांच्या जॉबला मॅजेंटा आणि काळ्याच्या जाळीचे कोन बदलून घ्यायचो, 45 अंश मॅजेंटाला द्यायचो. फिल्म काढणारा कुरकुर करायचा. तेवढ्यानं कातडीवरची जाळी मोडायची, सायनचा प्रश्न होता तिथेच राहायचा.

यंदा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. घाटकोपरहून मेट्रोनं मरोळला गाळ्यावर जातो, तर पहिल्याच दिवशी डब्यातल्या उजेडापासून गंमत सुरू झाली. उजव्या डोळ्यानं आर्ट पेपर निळसर पांढरा दिसतो. उजवा झाकून डाव्यानं पाहिलं की तोच कागद पिवळट. लाइट बूथमधला दिवा 5000 केल्विनचा, प्रूफ एक, माणूस एक, आणि साक्षी दोन निघाल्या. धंद्यातला एक जुना मित्र हे ऐकून खदाखदा हसला. म्हणाला, “म्हणजे तुझ्या हातचा तो उबदार चेहरा मोतीबिंदूचा होता तर!”

हे मला लागलं. माझ्या हातच्या चेहऱ्याला ऊब असते असं लोक म्हणायचे आणि मी ते नाकारत नसे. मित्राला मी उत्तर दिलं ते असं: मूळ फोटो आणि प्रूफ दोन्ही मी एकाच डोळ्यानं बघतो, डोळा पिवळा असला तर दोन्हींना सारखाच पिवळा करणार, मग जुळवण चुकेल कशी? उत्तर बिनतोड आहे. फक्त एक अडचण आहे, आणि ती मी मित्राला सांगितली नाही. मूळ असतं तेव्हाच ते बिनतोड आहे. हल्ली मूळ असतं कुठे? ट्यूबलाइटखाली हिरव्या भिंतीपुढे काढलेला मोबाइलचा फोटो येतो. तेव्हा जुळवायचं ते डोक्यातल्या माणसाशी, आणि डोक्यातला माणूस त्याच डोळ्यातून आत गेलेला असतो. शिवाय पिवळ्या काचेतून पिवळ्या शाईचे दोन-चार टक्के कमीजास्त ओळखणं अवघडच. क्लोद मोने या चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू 1923 साली काढला, त्यानंतर त्यालाही रंगांचा असाच घोळ झाला होता. हे वाचल्यावर मी काही दिवस मोनेच्या पंगतीत पाट मांडून बसलो. बरं वाटलं.

डाव्या डोळ्याची तारीख मी पुढे ढकलत आलोय. घरी कारण दिवाळी अंकांच्या गर्दीचं सांगतो. खरं म्हणजे जुने जॉब ज्या नजरेनं पास केले ती नजर आता एवढ्या एका डोळ्यात उरली आहे. संध्याकाळी जुनी शीटं काढून उजवा डोळा झाकून बघतो. ती अजून उत्तमच दिसतात.

गाळ्यावर मुलुंडहून एक मुलगी शिकायला येते. मला काका म्हणते. चेहरा ती बघतच नाही. कपाळ, गाल, हनुवटीखाली अशी तीन ठिकाणी आयड्रॉपर टेकवते आणि आकडे वाचते. सायन मॅजेंटाच्या निम्म्याच्या आसपास, पिवळा मॅजेंटाच्या वर, जमलं. पूर्वी कुणी बघायला आलं की मी इन्फो पॅलेट बंद करून काम करायचो. वाद्याच्या पडद्यांकडे न बघता वाजवणाऱ्याचा रुबाब. मंडळी जेवायला गेली की उघडून आकडे तपासायचो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

तिला मी भिंगाखाली जुना ओलिओग्राफ दाखवला. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत काढलेला लिथो छापखाना आमच्या घाटकोपरला होता, तिथून पुढे मळवलीला गेला. यंत्रं जर्मनीची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि गालावरचं प्रत्येक टिंब कारागिरानं हातानं टाकलेलं. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाआधी याच छापखान्यासाठी काम केलं. बडोद्याच्या कलाभवनातून फोटोग्राफी आणि छपाई शिकून आलेला तो माणूस. कॅमेरा, ब्लॉक, शाई सगळं एकाच हाताला ठाऊक. आज ही मुलगी तेच सगळं एका स्क्रीनवर शिकते, त्यामुळे मी तिला नावं ठेवणार नाही. रविवर्मांच्या लक्ष्मी-सरस्वतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्या गोऱ्या छापल्या गेल्या, घरोघर देव्हाऱ्यात गेल्या, आणि सुंदर चेहरा म्हणजे कमी टक्क्यांतला चेहरा हे आमच्या धंद्यात कायमचं ठरून गेलं. कॅलेंडरवाल्यांनी तर सावळ्या विठ्ठलाला सरळ निळा केला. सायन आवरत नाही, तर घाला सगळाच. इतकी उघड पळवाट दुसरी पाहिली नाही. परदेशातही वेगळं नव्हतं: कोडॅकच्या रंगीत प्रिंटचा तोल ज्या कार्डांवरून बघत, त्या शर्ली कार्डांवर वर्षानुवर्षं गोरी बाईच होती. अंधेरी स्टेशनबाहेरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे भाऊ-दादा गुलाबी दिसतात ते याच परंपरेतले. फ्लेक्सवाल्यांना मी छापणारे मानत नाही, ते जाऊ दे.

परवा एका निवृत्त शिक्षिकेचा गौरव अंक आला. मुलगा म्हणाला, “आईला थोडं उजळ करा.” गाळ्यावरच्या मुलीनं विचारलं, बाई मुळात कशा आहेत? त्यानं मोबाइलमधले फोटो दाखवले, प्रत्येकात बाई वेगळ्या रंगाच्या. तेव्हा तिनं चक्क बाईंनाच बोलावून घेतलं. या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण ही युक्ती मला कधी सुचली नव्हती. बाई दोन जिने चढून आल्या, दिव्याखाली उभ्या राहिल्या. मी एकदा हा डोळा झाकून बघतोय, एकदा तो. त्या म्हणाल्या, “डोळ्याला काही झालंय का तुमच्या?” मी सायन 28 म्हटलं, मुलगी 31 म्हणाली. दोन्ही प्रूफं काढली. बाईंनी बराच वेळ बघून 31 वर बोट ठेवलं, “ही मी. पण तो म्हणतोय तसं करा, पैसे तो देणार आहे.”

28 वर पास केलं. मशीनवर गेल्यावर कळलं, फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या शीटवर, बाईंच्या पानाच्या वरच्या अंगाला, शाईच्या त्याच पट्ट्यात, एका सराफाची लालभडक जाहिरात आहे. सराफाला लाल हवा होता, जाहिरातीचे पैसे त्यानं आगाऊ दिले होते. मशीनमननं त्या पट्ट्यात लाल सोडला, आणि बाई तांबूस होऊन बाहेर आल्या. मुलगा खूश. रंग मस्त आलाय म्हणाला, अंकांचे गठ्ठे रिक्षात घालून गेला.

मुलीनं शीट भिंगाखाली धरलं. “काका, लाल एवढा सुटणार होता तर 31 च हवा होता.”

मी म्हटलं, लाल सुटणार हे तुला कुठल्या आकड्यात दिसलं होतं?

“आकड्यात नाही,” ती म्हणाली, “फॉर्मचा लेआउट तुमच्या टेबलावरच होता की.”